बाप्तिस्म्यानंतरची वाट : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असे मराठी ख्रिस्ती घर सापडणे कठीण. रविवारच्या शाळेत त्यांची गोष्ट सांगितली जाते, महिला मंडळाच्या सभेत त्यांच्यावर भाषणे होतात. परंतु ती गोष्ट बहुधा दोन मुद्द्यांवर संपते. त्या संस्कृतच्या थोर विदुषी होत्या, आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शेवटी केडगावच्या मुक्ती मिशनचे नाव घेतले की शिक्षकाचे काम झाले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला आणि त्या प्रभूकडे गेल्या १९२२ साली. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर त्या साडेअडतीस वर्षे जगल्या. या साडेअडतीस वर्षांत त्यांच्या विश्वासाचे काय झाले, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांचा बाप्तिस्मा कधीच होऊन गेला आहे. कित्येकांचा तर आईच्या मांडीवर असतानाच झाला. मंडळीच्या वहीत नाव आहे, दृढीकरण झाले आहे, वर्गणीही भरली जाते. मग पुढे काय? रमाबाईंच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते एका दिवसात मिळालेले नाही.

रानातले घर आणि रस्ता

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, कानडी मुलखातील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरुजी पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. ते पाहून स्त्रियांनाही संस्कृत शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवायला सुरुवात केली, तेव्हा भोवतालच्या लोकांनी कडाडून विरोध केला. शास्त्रीबुवा भांडत बसले नाहीत. पत्नीला घेऊन ते रानात राहायला गेले आणि तेथे विद्यार्थी जमवून त्यांनी पाठशाळा चालवली.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे बिऱ्हाड मोडले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत ठेवून मजुराच्या डोक्यावर दिले होते. तेव्हापासून ते कुटुंब वाटेवरच राहिले. देवळांत, घाटांवर पुराणे सांगायची आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना आईने शिकवले. चालता चालता, मुक्कामाच्या झाडाखाली, पहाटेच्या अंधारात आई पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले. घरात आईवडील चांगली मराठी बोलत, म्हणून मुलखामुलखांत फिरूनही मुलांची मराठी शाबूत राहिली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्या वाचकांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल.

मग दुष्काळ आला. शिल्लक संपली, भांडी विकली गेली, आणि भीक मागण्याची किंवा मजुरी करण्याची या कुटुंबाला सवय नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण तिघेही गेले. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. तिरडीला खांदा देणाऱ्यांत रमाबाईही होत्या, आणि उंची पुरेना म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. ही भूक रमाबाई पुढे कधीच विसरल्या नाहीत.

कलकत्ता ते वाँटेज

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. त्यांनी ते चाळले, पण भाषा वेगळ्या वळणाची वाटली आणि ग्रंथ बाजूला राहिला. पवित्र शास्त्र हातात पडणे आणि ते मनात उतरणे यांत किती अंतर असते, ते येथे दिसते.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडचे लोक तुटले. आसामातील सिल्चर येथे त्यांनी संसार मांडला. तेथे पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले आणि त्या ते आवडीने वाचू लागल्या. १८८१ साली मुलगी मनोरमा झाली. १८८२ च्या आरंभी पटकीने पतीला नेले. लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांचा दोष असल्यामुळे तो विचार सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील भगिनींच्या मठात उतरल्या होत्या. या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक गृह होते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवीत, काम शिकवीत आणि पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची हकिकत, त्यांना वाचून दाखवली. ज्या तारणाऱ्याने विहिरीवर त्या स्त्रीशी आदराने बोलणे केले, तोच आपल्या देशातील स्त्रियांनाही उठवील, हे त्यांच्या मनाने घेतले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रमाबाईंना प्रभूकडे ओढले ते वादविवादाने नव्हे. वादात त्या कोणालाही हार गेल्या नसत्या. टाकलेल्या बायकांची सेवा करणारे हात त्यांनी आधी पाहिले, आणि त्या सेवेचे कारण मग शास्त्रात वाचले.

मिळालेला धर्म आणि मिळालेला ख्रिस्त

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तीन वर्षे तेथे राहिल्या. १८८७ साली त्यांनी उच्च जातींतील हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टन येथे त्यांच्या कामासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे महर्षी कर्व्यांशी विवाह होऊन ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले.

काम चांगले चालले होते, नाव झाले होते. परंतु रमाबाईंना आतून समाधान नव्हते. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नाही, असे त्यांना जाणवू लागले. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मनिवेदन त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य दीक्षा घेऊन उपदेश करीत होता, आणि पाळक झाल्यानंतर कित्येक वर्षांनी त्याचे स्वतःचे अंतःकरण बदलले होते. रमाबाईंनी आपल्या जीवनाची तशीच झडती घेतली. पापी म्हणून प्रभूजवळ यावे आणि जे तो देतो ते फुकट घ्यावे, एवढे साधे सत्य त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ साली, आपलेसे करता आले.

हा प्रसंग रविवारच्या शाळेत क्वचितच सांगितला जातो. आमच्या मते तो आवर्जून सांगावा. बाप्तिस्मा होऊनही मन कोरडे आहे असे ज्याला वाटते, त्याने स्वतःला ढोंगी समजून मंडळीपासून दूर जाऊ नये. रमाबाई दूर गेल्या नाहीत. त्या वाचीत राहिल्या, मागत राहिल्या, आणि चाललेले काम त्यांनी टाकले नाही.

यानंतर परीक्षा आली. शारदा सदनात धर्माची सक्ती करायची नाही असे ठरले होते, आणि रमाबाईंनी ते पाळले. मात्र आपल्या खोलीत त्या मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, तेव्हा दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विरोध करणाऱ्यांचीही एक बाजू होती. पालकांनी ज्या भरवशावर मुली ठेवल्या तो राहिला नाही असे त्यांना मनापासून वाटले. ज्यांनी पुण्यात पहिला आधार दिला तीच मंडळी दुरावली, याचे रमाबाईंना दुःख झाले असणार. तरी त्यांनी कोणाला ओढून आत आणले नाही, आणि आपले दारही लावले नाही. भिन्नधर्मी शेजाऱ्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी या दोन्ही गोष्टी बरोबर शिकाव्यात.

केडगाव

१८९६ साली लोणावळ्यास एक ख्रिस्ती मेळावा भरला होता. रमाबाईंबरोबर प्रभूवर विश्वास ठेवलेल्या त्यांच्या १५ मुली होत्या. त्यांनी देवाचे उपकार मानले आणि एक विलक्षण मागणी केली : या पंधरांच्या पंधरा पट कर. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५. एवढ्या मुलींना जागा कोठून येणार आणि अन्न कोठून येणार, याचा हिशेब तेव्हा कोणालाही जमण्यासारखा नव्हता.

त्याच सुमारास मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील हकिकती वाचून रमाबाईंना आपली स्वतःची भूक आठवली. त्या स्वतः निघाल्या. रस्त्यावर आणि दुष्काळी छावण्यांत भुकेने खंगलेल्या, दुष्ट लोकांच्या हाती पडू पाहणाऱ्या अनाथ मुली व तरुण विधवा त्यांनी पाहिल्या. बोस्टनच्या मंडळाने कबूल केलेली दहा वर्षे संपत आली होती, हाती पैसा नव्हता. तरी त्यांनी सुमारे ३०० मुली आणण्याचे ठरवले.

पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती आणि इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. पुण्यापासून साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर केडगाव येथे रमाबाईंनी सदनासाठी म्हणून सुमारे १०० एकर जमीन आधीच घेतली होती आणि तेथे फळझाडे लावली होती. तेथे तंबू आणि छपरे उभारून या मुलींना ठेवले. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाच्या इमारतीचे अर्पण झाले. १९०० साली गुजरात व राजपुतान्यात दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आणल्या. मग केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसे म्हणजे एक मोठे गावच. त्यातील बहुतेक जणी निरक्षर, आजारी, भांडखोर, अन्न लपवून ठेवणाऱ्या. भुकेने माणूस तसा होतो हे रमाबाईंना ठाऊक होते. त्यांची काळजी कोण घेणार? शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी शिक्षिकांचे आणि सांभाळ करणाऱ्या बायकांचे काम उचलले. काल जिला दुसऱ्याने जेवू घातले तिने आज दुसरीला जेवू घालावे, अशी रीत पडली. मुली शेती करीत, विणकाम करीत, तेलाचा घाणा चालवीत, गाईम्हशींचे दूध काढीत, कपडे शिवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. पतित म्हणून हिणवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलमला जे पाहिले होते ते येथे उभे राहिले. म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी वेगळे घर होते. आंधळ्या मुलींसाठीही घर होते, आणि मनोरमाबाई परदेशात ब्रेल लिपी शिकून आल्या होत्या त्यांनी या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले.

आमच्या मते केडगावचे मोठेपण आकड्यांत नाही, ते या वाटणीत आहे. त्या मंडळीत प्रत्येकीला काम होते. आंधळीलाही होते, काल आलेलीलाही होते. आपल्याकडे दोनशे सभासदांच्या मंडळीत सगळी कामे पाच-सहा माणसे करतात, आणि बाकीचे उपासना संपली की चपला शोधतात. म्हातारीला कोणी काही विचारीत नाही, तरुणाला कोणी काही सोपवीत नाही. मग लोक येत नाहीत अशी आपण तक्रार करतो.

प्रार्थना आणि छापखाना

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना संजीवनासाठी प्रार्थना करण्यास बोलावले. प्रथम ७० जणी रोज जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली आणि दिवसातून दोनदा सभा भरू लागली. जूनच्या अखेरीस मुलींमध्ये पापाची तीव्र जाणीव, रडणे, कबुली आणि मोठा आनंद ही सारी एकदम दिसू लागली. अशा गोष्टींविषयी मंडळ्यांत मतभेद तेव्हाही होते आणि आजही आहेत. परंतु त्यानंतर काय झाले ते पाहावे. मुलींच्या टोळ्या पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत साक्ष द्यायला जाऊ लागल्या. अश्रू वाळल्यावर पाय चालू लागले, हीच आमच्या दृष्टीने त्या संजीवनाची कसोटी.

उत्तर आयुष्यात रमाबाईंनी एक आणखी काम अंगावर घेतले. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र असावे, ही त्यांची इच्छा. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने जड संस्कृत शब्द गाळून सोपे शब्द शोधायचे ठरवले. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांनी केले, आणि छपाई मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथल्या स्त्रियांनी केली. दुष्काळी छावणीतून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली वाढून देवाच्या वचनाचे खिळे जुळवू लागल्या.

हे काम चालू असतानाच १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. आईचा उजवा हात गेला. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा चालवण्याचे कष्टही त्यांनी उचलले होते. रमाबाईंना तोवर फारच कमी ऐकू येई, प्रकृती खचली होती. तरी त्या प्रुफे तपासीत राहिल्या. ते काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच काळाने, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या प्रभूत निजल्या. सबंध बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली. ते त्यांनी पाहिले नाही. आज आपल्या उपासनेत हे भाषांतर क्वचितच वाचले जाते. पण साध्या माणसाला समजेल असे वचन त्याच्या हाती द्यावे, हा त्यामागचा आग्रह जुना झालेला नाही.

आपण काय करावे

रमाबाईंसारखे दोन हजार जणांना सांभाळणे आपल्याला जमणार नाही, असे वाचक म्हणतील. ते खरे आहे. परंतु रमाबाईंनाही ते एकदम जमले नाही. त्यांना एका वेळी एकच पाऊल दिसत होते. लूकचे शुभवर्तमान हाती आले, ते वाचले. फुलमची सेवा पाहिली, तिचे कारण विचारले. धर्म आहे पण प्रभू नाही असे जाणवले, तेव्हा ते झाकून ठेवले नाही. भुकेल्या मुली दिसल्या, तेव्हा पैसा जमेपर्यंत थांबल्या नाहीत. दिसलेले पाऊल टाकले की पुढचे दिसे.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांना आमची विनंती आहे की ही गोष्ट सांगताना कलकत्त्याच्या पदव्यांवर फार वेळ घालवू नये. आंधळ्या मुलींची, घाणा चालवणाऱ्यांची, खिळे जुळवणाऱ्यांची गोष्ट सांगावी. मग वर्गातील प्रत्येक मुलाला एक काम द्यावे : कोणी आजारी सोबत्याकडे जाऊन यावे, कोणी डोळ्यांनी अधू झालेल्या आजीला शास्त्रातील एक अध्याय वाचून दाखवावा. पंच मंडळींनीही सभासदांची वही एकदा या नजरेने उघडावी. वर्गणी कोणाची राहिली एवढेच न पाहता, कोणाला आपण अजून काहीच काम दिले नाही तेही पाहावे.

आणि ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे पण मन अजून कोरडे आहे, त्यांनी धीर सोडू नये. ज्याने रमाबाईंना आठ वर्षे सोडले नाही, तो प्रभू तुम्हांआम्हांलाही सोडणार नाही. पुढच्या रविवारी उपासनेला येताना, आपल्या गल्लीत कोण एकटे पडले आहे ते पाहून या.